प्रकाशाचा धडा तोंडापर्यंत न्या



नांदेड-लातूरकडे आपण मुलांना प्रकाशाचा धडा कशासाठी शिकवतो? खरं सांगायचं तर गुणांसाठी. दहावीला अपवर्तन, पुढे नीट. माझं म्हणणं असं, की हाच धडा आपल्या घरातल्या माणसांच्या तोंडापर्यंत न्यायला हवा.

वर्गात अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च बोटांखाली धरा. बोटं लालभडक दिसतात, कारण रक्त निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतं आणि लाल पार होतो. लाल रंगाच्या लगेच पलीकडचा अवरक्त प्रकाश, म्हणजे निअर इन्फ्रारेड, डोळ्यांना दिसत नाही. पण तोही मांसात बराच आत शिरतो. कोरोनात बोटाला लावलेला ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त अशा दोन्ही प्रकाशांवर चालतो.

हाच अवरक्त प्रकाश कॅन्सर ओळखायला वापरता येईल का, यावर नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेक संस्थेत संशोधन झालं आहे. रुग्णाच्या गालाला आतून प्रोब लावून ७८५ नॅनोमीटरचा लेझर सोडतात. परत येणाऱ्या प्रकाशातल्या अगदी थोड्या भागाची तरंगलांबी बदललेली असते. हाच रामन परिणाम! २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो तो १९२८ सालच्या याच शोधासाठी. निरोगी गालाच्या वर्णपटात चरबीच्या खुणा ठळक दिसतात, तर कॅन्सरच्या जागी प्रथिनांच्या. चिरा नाही, टाका नाही.

हे ऐकून कुणी म्हणेल, "मग असं मशीन आपल्याकडे येईपर्यंत थांबू." तसं अजिबात करू नका. पक्कं निदान आजही बायोप्सीनंच होतं. "सुरी लागली की कॅन्सर पसरतो" या भीतीपोटी लोक तपासणी टाळतात. हा समज चुकीचा आहे. खरं नुकसान होतं ते उशिरानं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठं मिळते हे मुलांनाही ठाऊक असतं.

म्हणून विज्ञान दिनाला मुलांना घरचा अभ्यास द्या: टॉर्च, आरसा आणि घरातली मोठी माणसं. गालात, जिभेच्या कडेला, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवडे झाले तरी न भरलेली जखम आहे का? तीन बोटं उभी मावतील एवढं तोंड उघडतं का? सुपारी-गुटखा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. यातलं काहीही आढळलं तर नांदेड किंवा लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. कॅन्सरच्या उपचारांसाठी बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालयही आहे.

मुलांना एक मात्र बजावून सांगा, कुणाला लाजवायचं नाही आणि रोगाचं नावही आपण ठरवायचं नाही. फक्त पाहायचं आणि डॉक्टरांकडे चला म्हणायचं. शाळेतल्या पोस्टरकडे दुर्लक्ष करणारा बाप, लेक टॉर्च घेऊन "बाबा, आ करा" म्हणाली तर सहसा नाही म्हणत नाही.

"पोर्शन कधी संपवायचा?" असं विचाराल, तर यासाठी एकच तास लागतो. तेवढा द्या, आणि वर्गात काय झालं ते आम्हालाही कळवा.