विश्लेषण : ग्रँड व्हिटारा की हायरायडर? हायब्रिड एसयूव्ही घेण्यापूर्वी कोणता हिशेब करावा?

मध्यम आकाराची हायब्रिड एसयूव्ही घ्यायची म्हटले की दोन नावे हमखास पुढे येतात. एक मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा आणि दुसरी टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर. घरात चर्चा सुरू होते ती या दोघींपैकी कोणती, अशी. वास्तविक कुटुंबाच्या खिशावर परिणाम करणारा प्रश्न वेगळाच आहे आणि तो बहुतेकदा शोरूममध्ये विचारलाच जात नाही.

या दोन गाड्यांत नेमका फरक काय?

यंत्रणेच्या दृष्टीने जवळजवळ काहीच नाही. सुझुकी आणि टोयोटा यांच्यातील सहकार्य करारातून या गाड्या २०२२ मध्ये एकापाठोपाठ बाजारात आल्या. दोन्ही टोयोटाच्या कर्नाटकातील बिडदी येथील कारखान्यातून बाहेर पडल्या. इंजिन, मोटर, बॅटरी, चाकांमधले अंतर, सारे समान. बंपर, जाळी, दिवे आणि आतली रंगसंगती तेवढी वेगळी. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅगच्या नियंत्रकाची तपासणी करण्यासाठी मारुतीने गाड्या परत बोलावल्या, तेव्हा टोयोटालाही हायरायडर बोलवावी लागली. नात्याचा याहून चांगला पुरावा कोणता?

पूर्वी वॉरंटीत मोठा फरक होता. टोयोटा तीन वर्षे किंवा एक लाख किमी देत असे, तर मारुती दोन वर्षे किंवा ४० हजार किमी. जुलै २०२४ मध्ये मारुतीनेही तीन वर्षे किंवा एक लाख किमी केले. हायब्रिड बॅटरीवर दोघांचीही आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किमीची हमी आहे. त्यामुळे आता निर्णय घ्यावा तो प्रतीक्षा काळ, मिळणारी सवलत आणि घराजवळचे सेवा केंद्र पाहून. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला मारुतीचे जाळे जवळचे वाटेल, यात नवल नाही. मात्र त्या केंद्रात हायब्रिडचे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ आहे का, हे आधी विचारावे.

मग खरी निवड कशात आहे?

‘माइल्ड’ आणि ‘स्ट्राँग’ हायब्रिड यांत. दोन्ही गाड्या या दोन्ही प्रकारांत मिळतात आणि दोन्हींच्या जाहिरातीत ‘हायब्रिड’ हा शब्द असतो. गोंधळ इथेच होतो.

माइल्ड हायब्रिडमध्ये १,४६२ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि त्याला हातभार लावणारी छोटी यंत्रणा असते. ती सिग्नलला बंद पडलेले इंजिन पटकन सुरू करते, वेग घेताना थोडा जोर देते. पण केवळ विजेवर गाडी हलवू शकत नाही. ही मुळात पेट्रोल गाडीच समजावी.

स्ट्राँग हायब्रिडचे तसे नाही. त्यात १,४९० सीसीचे तीन सिलिंडरचे ॲटकिन्सन पद्धतीचे इंजिन असते. त्यात आत येण्याची झडप नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ उघडी राहते. त्यामुळे इंधनातून जास्त काम निघते, पण सुरुवातीचा जोर कमी पडतो. ती उणीव ८० पीएसची विद्युत मोटर भरून काढते. दोघांची मिळून ताकद ११६ पीएसच्या आसपास आहे. कमी वेगात गाडी काही अंतर निव्वळ विजेवर चालते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. प्लग लावून चार्ज करण्याची भानगड नाही.

ही बॅटरी मात्र अगदी लहान, सुमारे पाऊण युनिटची असते. विद्युत गाड्यांत ती ४० युनिटची किंवा त्याहून मोठीही असते. म्हणजे विजेवरचा प्रवास सलग एक-दोन किमीचा आणि पुन्हा पुन्हा होणारा. घाट उतरताना ही बॅटरी लवकर भरते, त्यापुढची ऊर्जा साठवायला जागाच नसते. ‘अर्धी इलेक्ट्रिक गाडी’ असे विक्रेता म्हणाला तर हे लक्षात ठेवावे.

मायलेजचा दावा कितपत धरावा?

स्ट्राँग हायब्रिडचा जाहीर आकडा प्रतिलिटर २७.९७ किमी आहे आणि माइल्ड ऑटोमॅटिकचा २०.५८. हे आकडे ठरावीक चाचणीतले. एसी, खड्डे, चौघे प्रवासी आणि सामान यांचा हिशेब त्यात नसतो. म्हणून तुलनेसाठी कमी आकडे घेऊ.

शहरातल्या गर्दीत माइल्ड ऑटोमॅटिक १४ आणि स्ट्राँग २१ किमी देते, पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे आणि दोन्ही प्रकारांच्या एक्स-शोरूम किमतीत दोन लाखांचा फरक आहे, असे धरू. त्या फरकावरचा १२ टक्के वाहन कर मिळवला तर हा फरक सुमारे सव्वादोन लाख होतो. महिन्याला १,००० किमी चालणाऱ्याचे सुमारे २४ लिटर, म्हणजे जवळपास २,४७५ रुपये वाचतील. वर्षाचे ३० हजारांच्या थोडे खाली. जादा दिलेले पैसे वसूल व्हायला साडेसात वर्षे लागतील. महिन्याला १,८०० किमी असतील तर चार वर्षे. ५०० किमी असतील तर पंधरा!

महामार्गावर चित्र आणखी बदलते. एकसारख्या वेगात ब्रेक कमी लागतात आणि मोटरला काम कमी उरते. तिथे माइल्ड १७ आणि स्ट्राँग २१ धरले, तर १,००० किमीला बचत ११६५ रुपयांच्या घरात येते आणि वसुलीला सोळा वर्षे लागतात. थोडक्यात, रोज हिंजवडी किंवा ठाण्याच्या कोंडीत अडकणाऱ्याला ही यंत्रणा परवडते. दर शनिवारी द्रुतगती महामार्गाने गावी जाणाऱ्याला तिचा फायदा फार थोडा. आपल्याकडे ‘लांबचा प्रवास आहे, हायब्रिड घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो डिझेलच्या काळातला हिशेब आहे.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या कोटेशनमधला फरक आणि सध्याच्या गाडीच्या ओडोमीटरवरचे किमी घालून हाच गुणाकार दहा मिनिटांत होतो.

करसवलत मिळते का?

२२ सप्टेंबर २०२५ पूर्वी या आकाराच्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के, तर साध्या पेट्रोल गाडीवर ४५ टक्के कर होता. जीएसटीच्या नव्या रचनेत दोन्हींवर सरसकट ४० टक्के आहे. गाडी स्वस्त झाली, पण हायब्रिडचा दोन टक्क्यांचा मान गेला. विद्युत गाडीवर पाचच टक्के आहे. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचे नोंदणी शुल्क माफ केले. त्या बातम्या वाचून महाराष्ट्रात तसा हिशेब धरू नये. येथे वैयक्तिक नावावरील पेट्रोल गाडीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के वाहन कर बसतो.

पैशाखेरीज काय पाहावे?

डिकी. बॅटरी मागच्या बाजूला असल्याने स्ट्राँग हायब्रिडमध्ये सामानाची जागा माइल्डपेक्षा १०० लिटरने कमी, साधारण २६५ लिटर उरते. दोन मोठ्या बॅगा आणि बाळाची गाडी एकत्र बसते का, हे शोरूममध्ये प्रत्यक्ष ठेवूनच पाहावे. संकोच बाळगू नये. चारही चाकांना शक्ती देणारी रचना हवी असेल, तर ती फक्त माइल्ड प्रकारात आहे. सीएनजीही स्ट्राँगसोबत नाही.

दुसरीकडे, बंपर टू बंपर वाहतुकीत स्ट्राँग हायब्रिडची शांतता आणि गिअर बदलाचा धक्का नसणे, हे सुख रुपयांत मोजता येत नाही. त्यासाठी कोणी जादा पैसे मोजले तर ते चूक नाही. फक्त ती बचत आहे असे स्वतःला सांगू नये. वेगाने ओव्हरटेक करताना तीन सिलिंडरचे इंजिन मात्र ऐकू येते. म्हणून टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या मागच्या गल्लीत नको. अर्धा तास आपल्या रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेळी आणि एसी लावून मागावी. विम्याची सक्ती आणि ॲक्सेसरीजचे पॅकेज कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत लिहून घ्यावे. विमा बाहेरून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि दोन शोरूमच्या ऑन-रोड किमतीतला फरक बऱ्याचदा याच दोन ओळींत दडलेला असतो.