मदत हवी, मुचलका नको

शिकणाऱ्या मुलाला मदत करायची म्हणजे त्याची फी भरायची, असं आपण गृहीत धरतो. चेक दिला, पावती घेतली, फोटो काढला, झालं. युंग विंग या चिनी विद्यार्थ्याची हकिकत वाचल्यापासून मला हा हिशेब फार तोकडा वाटतो.

युंग विंगचा जन्म 1828चा, मकाऊजवळच्या खेड्यातला. घरची गरिबी, वडील लवकर गेलेले. तो हाँगकाँगच्या मॉरिसन शाळेत शिकत होता. तिथले अमेरिकन पाद्री शिक्षक सॅम्युएल ब्राऊन प्रकृतीमुळे मायदेशी निघाले, तेव्हा त्यांनी वर्गात विचारलं, माझ्यासोबत शिकायला कोण येतंय? सगळ्यात आधी युंग विंग उभा राहिला, त्याच्यामागून आणखी दोघे. मुलं उठली, पण पैशांचं काय?

ते ब्राऊन यांनी जमवलं. ऑलिफंट कंपनीच्या चहा नेणाऱ्या जहाजातून तिघांना फुकट नेण्यात आलं. 'चायना मेल' या वर्तमानपत्राचे संपादक अँड्र्यू शॉर्टरीड आणि हाँगकाँगमधल्या आणखी काही लोकांनी दोन वर्षांचा खर्च उचलला. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच तरतूद. या लोकांनी मुलांच्या आईवडिलांनाही दोन वर्षं खर्चाला पैसे द्यायचं कबूल केलं होतं.

या एका कलमावर मी बराच वेळ थांबलो. गरिबाच्या घरात हाताशी आलेला मुलगा म्हणजे नुसता विद्यार्थी नसतो, तो उद्याची भाकर असतो. तो शाळेत गेला की घरातली एक कमाई थांबते. आपल्या मोहल्ल्यात दहावीनंतर गॅरेजवर किंवा बेकरीत लागलेल्या पोरांना विचारा, फी नव्हती म्हणून किती जणांनी शाळा सोडली आणि घर चालत नव्हतं म्हणून किती जणांनी? शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये पालकांच्या उत्पन्नाचा रकाना असतो, पण तो मुलगा शिकायला गेल्यावर घराचं किती उत्पन्न बुडेल याचा रकाना मी अजून पाहिलेला नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्या लोकांना हे सुचलं होतं.

1847च्या एप्रिलमध्ये मुलं न्यूयॉर्कला पोचली आणि मॅसॅच्युसेट्समधल्या मॉन्सन अकॅडमीत दाखल झाली. राहणं, जेवण, दिवाबत्ती, धुणं मिळून माणशी आठवड्याला सव्वा डॉलर. थंडीत सरपण स्वतः फोडायचं. तिघांपैकी एक आजारपणामुळे लवकरच परतला.

दोन वर्षं संपली आणि खरी अडचण उभी राहिली. हाँगकाँगचे लोक म्हणाले, पुढेही देऊ, पण स्कॉटलंडला एडिंबरोत जाऊन व्यावसायिक शिक्षण घ्यायचं. वोंग फून या मित्राने ते मान्य केलं आणि तो पुढे डॉक्टर झाला. म्हणजे प्रत्येक अट वाईटच असते असं नाही. युंग विंगला मात्र येल कॉलेजात जायचं होतं. मॉन्सनच्या विश्वस्तांकडे गरजू मुलांसाठी निधी होता. त्यांनी तो देऊ केला, पण आधी लिहून दे म्हणाले, की शिक्षण झाल्यावर मिशनरी होऊन चीनला परतेन. युंग विंग स्वतः ख्रिस्ती होता, चीनला परतायचंही त्याने ठरवलं होतं. तरी त्याने नकार दिला. देशाच्या उपयोगी कसं पडायचं हे आधीच बांधून घ्यायला तो तयार नव्हता. खिशात दमडी नसताना!

कोणी म्हणेल, पैसा त्यांचा, त्यांनी अट घातली तर बिघडलं काय? अभ्यास कर, हिशेब दे, ही अट मलाही मान्य आहे. पण विशीतल्या मुलाकडून त्याच्या चाळिशीचा करार लिहून घेणं ही मदत नव्हे, ती आगाऊ खरेदी आहे. मग देणारा पाद्री असो, पक्ष असो, की आपल्याच जमातीचा एखादा ट्रस्ट.

शेवटी ब्राऊन यांनी जॉर्जियातल्या सॅव्हाना शहरातल्या एका महिला मंडळाला गाठलं. त्या बायकांनी मदत दिली, ऑलिफंट कंपनीनेही दिली आणि लिहून काही घेतलं नाही. कॉलेजात असताना खाणावळीचा कारभार सांभाळून त्याने स्वतःचं जेवण सोडवलं. 1854 साली तो येलचा पदवीधर झाला, अमेरिकेतल्या विद्यापीठाचा पहिला चिनी पदवीधर.

मराठी वाचकाला इथे आनंदीबाई जोशी आठवतील. गोपाळरावांनी मदत मागितली, तेव्हा अमेरिकेतल्या मिशनरी मासिकाने धर्मांतराचा सल्ला छापला. तोच पत्रव्यवहार वाचून न्यू जर्सीच्या कारपेंटरबाईंनी काही न मागता घर उघडलं.

युंग विंगने पुढे चीन सरकारच्या मागे लागून 1872 ते 1875 या काळात दरवर्षी तीस, अशी एकशेवीस मुलं अमेरिकेत शिकायला पाठवली. या वेळी पैसा सरकारी होता आणि मुदत पंधरा वर्षांची ठरली होती. पण पोरं बेसबॉल खेळू लागली, वेण्या कापू लागली, चर्चमध्ये जाऊ लागली, अशा तक्रारी पेकिंगला पोचल्या. 1881 साली सगळ्यांना परत बोलावलं. पुढे पेकिंग ते झांगज्याकोऊ रेल्वे बांधणारा झान तिअनयौ त्याच वर्षी येलची पदवी पुरी करून बसला होता. बाकीच्या बहुतेकांना कॉलेज अर्धवट टाकून जहाजात बसावं लागलं.