दिवाळीच्या रंगाआधी भिंतीतली ओल शोधा

सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. ऑफिसला पोहोचेपर्यंत सगळं गायब आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाऊस सरला की वसई-विरारमध्ये ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि ‘हवा बदलली’ म्हणून सोडून दिली जाते. पण साधी सर्दी साधारण आठ-दहा दिवसांत आटोपते. ताप नाही, खाज आहे आणि शिंका महिनाभर चालल्यात, तर ही ॲलर्जी असू शकते.

ॲलर्जी म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेने निरुपद्रवी गोष्टीला शत्रू समजणं. मग शरीरात हिस्टामाइन सुटतं आणि शिंका सुरू होतात. आपल्याकडे हा ‘शत्रू’ अनेकदा घरातच असतो: भिंतीवरची बुरशी किंवा गादी-उशीतले, डोळ्यांना न दिसणारे डस्ट माइट्स. दोघांनाही दमट हवा मानवते. जुलै २०१८ सारखं पाणी तळमजल्यात शिरलं की भिंत कित्येक महिने आतून ओली राहते. पण वरच्या मजल्यावरचेही सुटत नाहीत. वन रूम किचनमध्ये चार महिने कपडे पंख्याखाली वाळतात. ते पाणी जातं कुठे? खोलीच्याच हवेत.

आता रंगकाम निघेल. ओलीवर रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. बुरशी पुन्हा वर येतेच. आधी गळका पाइप, गच्चीची भेग बुजवा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाच्या, सोसायटीच्या मागे लागा. हा भिंतीच्या दिसण्याचा नाही, तब्येतीचा प्रश्न आहे. कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा, चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, माळा साफ करताना मास्क लावा.

सेटिरिझिनची गोळी लक्षणं दाबते, कारण हटवत नाही. शिवाय झोप आणते. ती घेऊन हायवेवर बाइक चालवू नका. छातीत घरघर होत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. ॲलर्जीची त्वचा चाचणी करायची असेल तर गोळी चालू असल्याचं आधी सांगा, नाहीतर निकाल चुकू शकतो.

कोळंबी खाल्ल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर ओठ-जीभ सुजली, श्वास अडकू लागला, तर गोळीच्या भरवशावर थांबू नका. तिथे ॲड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं. लगेच १०८ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा.