खातेवही आपल्याच ताब्यात हवी

कपड्याच्या धंद्यात माल आज जातो आणि पैसा तारखेवर येतो. कोणत्या पार्टीकडे किती ताके गेले, किती दिवस झाले, हे ज्याला सांगता येत नाही त्याची उधारी बुडालीच समजा. म्हणून आमच्या दुकानानेही हिशेबाचे तयार सॉफ्टवेअर घेतले होते. एका वर्षी फी भरायला उशीर झाला आणि आमचीच खाती आम्हाला उघडेनात. चार दिवस वसुली ठप्प! लाल वहीने असा दगा कधी दिला नव्हता.

त्यानंतर कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने पायथन या भाषेत शंभरेक ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. खाती राहतात एस्क्यूलाइट या डेटाबेसमध्ये. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी तो 2000 साली बनवला आणि सर्वांना मोफत खुला केला. वेगळा सर्व्हर लागत नाही, सारी खाती एका फाइलीत मावतात. पायथनबरोबर तर तो 2006 पासून आयताच मिळतो. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही तोच राबत असतो, आपल्याला ठाऊक नसते इतकेच.

मला पटली ती गोष्ट निराळीच. पन्नास ताके गोदामातून वजा करायचे आणि पार्टीच्या नावे टाकायचे, या नोंदी दोन. पहिली झाली आणि तेवढ्यात वीज गेली तर? दोन्ही नोंदी एका व्यवहारात बांधल्या असतील तर दोन्ही लागतात, नाहीतर एकही लागत नाही. इतकी हमी आमच्या जुन्या मुनीमजींनीही दिली नसती. (त्यांनी रागावू नये.)

परंतु व्यवहार पक्का करायला शेवटी ‘कमिट’ हा हुकूम द्यावा लागतो. भाच्याकडून एके ठिकाणी ती ओळ राहून गेली. दिवसभर नोंदी पडद्यावर नीट दिसत होत्या. रात्री प्रोग्राम बंद केला आणि सकाळी पाहतो तो आदल्या दिवसाचे पान कोरे! चलनाच्या कार्बन प्रती होत्या म्हणून निभावले. चलनबुक मी अजूनही बंद केलेले नाही.

रकमेचेही सांगतो. मीटरचा भाव 27 रुपये 35 पैसे असेल तर तो 2735 पैसे असा पुरा आकडा करून ठेवावा. दशांशात ठेवला तर संगणकाच्या मोजणीत बारीक फरक पडतो आणि मोठ्या बेरजेत पार्टीशी हुज्जत होते.

ज्या पेढीत चार काउंटरवरून एकाच वेळी नोंदी होतात, तिने या भानगडीत पडू नये. येथे एका वेळी एकच जण लिहू शकतो. एका गल्ल्याच्या दुकानाला मात्र एवढे पुरते.

आपली मुले-मुली संगणक शिकतात आणि नोकरीसाठी शहरे पालथी घालतात. घरच्या दुकानाची वही त्यांच्या हाती द्यायला आपल्याला कसला संकोच? उर्दू शाळेत शिकलेल्या मलासुद्धा त्या इंग्रजी ओळी आठवडाभरात उमगू लागल्या.

आमची फाइल रोज रात्री प्रोग्राम बंद करून पेन ड्राइव्हवर उतरते. तो पेन ड्राइव्ह दुकानात राहत नाही, माझ्याबरोबर घरी येतो.