परसदारीचा पिवळा माका

मराठवाड्यातील आडत व्यापाऱ्यांना करडई आणि सूर्यफूल यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. ओंजळीत दाणे घेताच त्यांना मालाची प्रत कळते. परंतु याच कुळातील, बाराही महिने हिरवे राहणारे एक ठेंगणे देशी झुडूप आपल्या परसात लावता येते, हे त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्याचे नाव पिवळा माका. केसांच्या तेलासाठी घरोघर परिचित असलेला माका पांढऱ्या बारीक फुलांचा. हा त्याचा पिवळ्या फुलांचा आप्त. निघंटुग्रंथांत भृंगराजाचे श्वेत, पीत व नील असे भेद सांगितले आहेत, त्यांपैकी हा पीतभृंगराज होय. भारतापासून चीन-जपानपर्यंत ओलसर जागी तो आपोआप वाढतो.

त्याचे फूल लहानशा सूर्यफुलासारखे दिसते. ज्याला आपण पाकळी म्हणतो, ते प्रत्येकी एक स्वतंत्र फूल असते आणि मधल्या गोल चकतीतही इवली फुले दाटीने बसलेली असतात. एका देठावर असा सारा मेळावा भरत असल्याने मधमाश्या व फुलपाखरे तेथे बराच वेळ रमतात.

भूमसारख्या गावी प्रश्न उभा राहतो तो पाण्याचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्याची आठवण असलेल्या गृहिणीला कोणी ओल मागणारे झाड सुचविले, तर ती हसेल, आणि तिचे हसणे रास्तच ठरेल. बालाघाटच्या उघड्या माळावर पिवळा माका सुखाने राहणार नाही. मात्र डाळ-तांदळाचे आणि भाजीचे धोवण दररोज ज्या कोपऱ्यात पडते, तेथे त्याच्यासाठी घागरभर निराळे पाणी काढावे लागत नाही. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी तेवढे त्याच्या मुळाशी जाऊ देऊ नये. दुपारनंतर भिंतीची सावली पडणारी जागा त्याला मानवते. येथली काळी माती पावसात चिकट होते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यात कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. आषाढ-श्रावणात दोन-तीन पेरांची कांडी तिरपी खोचली की पेरांपाशी मुळे फुटतात. बियांची वाट पाहावी लागत नाही.

खरी अडचण रोप मिळविण्यात आहे. रोपवाटिकेत ‘वेडेलिया’ मागितले असता बहुधा हाती येते ती अमेरिकेतील उष्ण प्रदेशातून आलेली वनस्पती. वेडेल या जर्मन वनस्पतिज्ञाच्या नावावरून पडलेले हे नाव पूर्वी दोघींनाही चालत असे, म्हणून विकणारा खोटे बोलतो असेही नाही. फुलेही सारखीच पिवळी. ओळख पटते ती पानांवरून. देशी पान अरुंद, लांबट, हाताला खरखरीत आणि कडेला जवळजवळ सरळ असते. परदेशी पान जाड, तकतकीत व सहसा तीन खंडांचे असते. मालाची पारख करणाऱ्या हातांना हा फरक क्षणात कळावा!

ही पारख चुकली तर नुकसान एका कुंडीपुरते राहत नाही. परदेशी वेडेलियाची गणना जगातील शंभर अतिउपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत झालेली आहे. ती जमीन झाकून टाकते आणि इतर रोपांना उगवू देत नाही. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात तर तिचा देशी पिवळ्या माक्याशी संकर झाल्याचे आढळले आहे. म्हणजे देशी जातीचे शुद्ध बीजच धोक्यात येते. गाजर गवताची १९५६ मध्ये पुण्यात नोंद झाली, तेव्हा तेही किरकोळ तणच वाटले असेल. तेही याच कुळातले. आज ते कोणाच्या शेतात नाही?

म्हणून रोप औषधी वनस्पतींच्या जाणत्या संग्राहकाकडून, पान पाहून घ्यावे. केसांसाठी किंवा पोटात घेण्यासाठी त्याचा उपयोग करावयाचा तर वैद्यास विचारूनच. पूर्वी घेतलेली तीन खंडांच्या पानांची वेल अंगणात असेल, तर ती उपटून ओढ्याकाठी अथवा बाणगंगेच्या पात्रात टाकू नये. तिचे एक ओले पेरही तेथे रुजते. पत्र्यावर कडक उन्हात पूर्ण वाळवावी, आणि पेरे कडकडीत होऊन मोडू लागली म्हणजेच खताच्या खड्ड्यात घालावी.