मुकुट ठेवणारे घराणे

तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला, अखुरियन नदीच्या दरीकाठी आनी हे ओस पडलेले नगर आहे. पलीकडचा काठ आर्मेनियाचा. इथल्या मुख्य चर्चचा घुमट १३१९च्या भूकंपात कोसळला. त्यामुळे आत उभे राहून मान वर केली की खांबांच्या आणि कमानींच्या वर थेट आभाळ दिसते. हे नगर ज्यांची राजधानी होती, त्या बाग्रातुनी घराण्याचा इतिहास सत्ता कशी जमते आणि कशी विस्कटते हे समजून घेण्यासाठी वाचावा.

जुन्या आर्मेनियातल्या सरदार घराण्यांना नाखारार म्हणत. प्रत्येकाचा आपला मुलूख, आपली फौज आणि वतनासारखा पिढीजात मान. मामिकोनियनांकडे सेनापतिपद होते. बाग्रातुनींचा मान होता नव्या राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवण्याचा. ४२८मध्ये राजपदच संपले, तरी घराणी टिकली.

अरब सत्तेविरुद्धच्या बंडात ७७५मध्ये बाग्रेवांदच्या लढाईत दोन्ही घराण्यांचे कर्ते पुरुष पडले. मामिकोनियन त्यातून पुन्हा सावरले नाहीत. बाग्रातुनी सावरले, कारण त्यांच्यातल्या अशोत म्साकेरच्या हाती चांदीच्या खाणी होत्या. त्या पैशातून त्याने डबघाईला आलेल्या कामसारकान घराण्याचा शिराक प्रांत विकत घेतला. आनीचा किल्ला त्याच मुलखातला. तलवारीने गेलेली पत त्याने थैलीने परत मिळवली. त्याचा नातू पहिला अशोत याला ८८४च्या सुमारास बगदादच्या खलिफाने मुकुट पाठवला आणि पाठोपाठ बायझंटाइन सम्राटानेही. दोन महासत्तांना एकमेकींच्या सीमेवर आपला माणूस हवा होता. अशोतने दोघींशी सलोखा राखला.

९६१मध्ये आनी राजधानी झाली. ज्या वास्तुशिल्पी त्रदातने इथले चर्च १००१मध्ये पूर्ण केले, त्यानेच त्याआधी कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचा भूकंपात ढासळलेला घुमट दुरुस्त केला होता. पण वैभवाच्या याच काळात वाटण्याही सुरू झाल्या. कार्सला आनीच्या राजाचा एक भाऊ राजा झाला, लोरीला घराण्याची दुसरी पाती. पुढे आनीच्या गादीसाठी होव्हान्नेस-स्म्बात आणि अशोत हे सख्खे भाऊ भांडले. सम्राटाच्या धाकाने होव्हान्नेस-स्म्बातने १०२२मध्ये, आपल्या पश्चात आनी बायझंटाइन साम्राज्याला द्यावे, असे लिहून दिले. तोच कागद पुढे करून नंतरच्या सम्राटाने आनीचा राजा दुसरा गागिक याला कॉन्स्टँटिनोपलला बोलावले आणि परत जाऊ दिले नाही. १०४५मध्ये आनी गेले.

सेल्जुक तुर्कांनी आर्मेनियाचे राज्य बुडवले, असे सरसकट सांगितले जाते. ते अपुरे आहे. त्यांचा सुलतान आल्प अर्सलान १०६४मध्ये आनीच्या तटाशी आला, तेव्हा तिथे राजा नसून एकोणीस वर्षे झाली होती. पिढ्यान्‌पिढ्या जोडलेला मुलूख भाऊबंदकीने आणि एका कागदाने आधीच घालवला होता.