अनुभवाला कागद कोण देणार?

व्यवसाय बदलू पाहणाऱ्या माणसाची पहिली परीक्षा मुलाखतीच्या दालनात नव्हे, तर अर्जाच्या कोऱ्या कागदावर होते. राहुरी परिसरात हा प्रश्न दोन निरनिराळ्या वर्गांपुढे उभा आहे. डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे सहकारी साखर कारखान्याचे गेल्या दशकाभरातील काही हंगाम गाळपाविना गेले आणि साखरधंद्यात उमेद घालविलेल्या कामगारांवर उतारवयात नवे काम शोधण्याची पाळी आली. दुसरीकडे, १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून बाहेर पडून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे पदवीधर, वयोमर्यादा जवळ आली म्हणजे खासगी नोकरीकडे वळतात.

दोघांच्या अर्जांतील उणीव एकच. कामगार ‘शेतकी विभाग, अनुभव २२ वर्षे’ एवढे लिहून थांबतो. पदवीधर परीक्षांत गेलेली वर्षे कोरी सोडतो. पुढे उरते ती विनवणी : घरची परिस्थिती हलाखीची आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. गरज सांगितली जाते, कुवत सांगायची राहून जाते. वस्तुतः शेतकी विभागातील माणूस ऊसनोंदी ठेवतो, उभ्या पिकाच्या उत्पादनाचा अंदाज बांधतो, तोडणीचा क्रम लावतो, टोळ्या आणि वाहतूकदार यांचा मेळ घालतो. दूधसंघाला वा शेतकरी उत्पादक कंपनीला हवे असलेले कौशल्य हेच; पण हुद्द्याच्या नावाआड ते दडून राहते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही माहितीच्या विषमतेची समस्या होय. पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरलेले मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली दाखवून दिले की, उमेदवाराची गुणवत्ता मालकाला आधी दिसत नाही. म्हणून तो पदवीसारख्या बाह्य खुणेवर विसंबतो. बॉयलर चालविणाऱ्यापाशी शासनाचे सक्षमता प्रमाणपत्र असते. एक कारखाना थंडावला तरी त्या कागदाची किंमत अन्यत्र टिकते. उसाच्या फडात हंगामामागून हंगाम उभे राहिलेल्यापाशी अशी खूणच नसते.

तेव्हा दोष केवळ अर्जदाराचा नव्हे. अनुभवाच्या दाखल्यात हुद्दा आणि तारखा यांबरोबर प्रत्यक्ष कामाचे वर्णन देणे संस्थांना मुळीच अवघड नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभव तपासून प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली. हे तत्त्व साखरपट्ट्यातील शेतकी कामांना नेटाने लावले पाहिजे. महाविद्यालयांनीही अर्जलेखन हा भाषेच्या तासातील एक नमुना न मानता स्वतःच्या कामाचा चोख हिशेब मांडण्याची विद्या म्हणून शिकवावे.

अर्थात, सुबक अर्जांनी नोकऱ्या निर्माण होत नाहीत. जागा दहा आणि उमेदवार हजार असतील, तर उत्तम अर्ज रांगेतील क्रम तेवढा बदलेल. रोजगारवाढीचे उत्तरदायित्व शासनाचे आणि उद्योगांचेच. परंतु असलेली जागाही योग्य माणसाला मिळू नये, हा दुहेरी तोटा आहे. माणूस बेकार राहतो आणि समाजाच्या खर्चाने कमावलेले त्याचे ज्ञानही वाया जाते.